दोरीच्या अलीकडून

बर्नली,
रविवार, १२ मार्च १८९३

प्रिय ईनॉक,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून आधी घाबरशील. घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. गिरणीत माझ्याकडे अजून तेच चार माग आहेत. खिडकीजवळच्या मागाचा धोटा अधूनमधून उडतो, म्हणून मी जरा वाकूनच उभी राहते. शेजारचे ऑर्मरॉड अजून मला चिडवल्याशिवाय चहा पीत नाहीत. प्रार्थनामंदिरात नवी पेटी आली आहे, सूर जुनेच.

तू फुटबॉल चांगला खेळतोस असं पेपरात वाचते, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. मी बघायला येते. ब्लॅकबर्नला आले, बोल्टनला आले, आणि मागच्या शनिवारी तुमचा संघ इथे आला तेव्हा डोक्यावरून शाल घेऊन मैदानाभोवतीच्या दोरीपाशी उभी होते. इतक्या वर्षांनी तू आपल्याच गावात खेळत होतास आणि लोक तुझ्या नावानं शिट्ट्या मारत होते. तू पडलास तेव्हा ऑर्मरॉड म्हणाले, "घ्या, पगारी पाय घसरला." माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "त्या एका पायावर तो तुमच्या अकरा जणांना नाचवतो." त्यांनी वळून बघितलं, मला ओळखलं, आणि हळूच म्हणाले, "मग घरी जेवायला का येत नाही गं तो?"

मी शाल आणखी पुढे ओढून घेतली.

तू माझ्यापासून दहा हातांवर पडला होतास. तुमच्या संघातला तो उंच स्कॉट गडी तुला उठवायला वाकला. लोकांच्या आरडाओरड्यात तुमचं बोलणं कुणालाच ऐकू आलं नसेल. पण ईनॉक, मी दहाव्या वर्षापासून मागांच्या खडखडाटात माणसांचे ओठ बघून बोलते आहे. तू म्हणालास, "डावा गुडघा गेलाय. कुणाला सांगू नकोस. एप्रिलपर्यंत ओढतो."

एप्रिलअखेर तुमचे नवे करार होतात, एवढं मलाही ठाऊक आहे. लंगडणाऱ्याला पुन्हा कोण घेणार, ही तुझी भीती कळते. पण त्यानंतर तू अर्धा तास त्याच पायावर धावलास, आणि दर वेळी पाय टेकताना तुझा जबडा आवळत होता.

सोमवारी गिरणी सुटल्यावर मी टॅटर्सॉल हाडवैद्याकडे गेले. शेजाऱ्याचा गुडघा आहे म्हणून सांगितलं. म्हातारा म्हणाला, "शेजाऱ्यासाठी एवढी रडवेली झालेली बाई पहिल्यांदाच बघतोय." मग त्यानं नीट विचारलं. सूज किती, पाय अडकतो का, वळताना कसा धरतो. मी जे बघितलं ते सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं, हात लावल्याशिवाय शपथ घेता येणार नाही, पण आता थांबलं आणि सहा आठवडे फळी बांधून झोपलं तर सप्टेंबरच्या नव्या मोसमाला माणूस पुन्हा धावू शकतो. असे गुडघे त्यानं धावते केले आहेत. अजून तीन-चार सामने खेळलास तर मात्र जन्माची काठी.

तुमच्या व्यवस्थापकांना मी कळवलेलं नाही, कळवणारही नाही. पाय तुझा आहे. खरं सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझ्या मनातलं विचारशील तर सांगून टाक.

आता जे लिहायचं टाळते आहे ते. त्या स्कॉट गड्यानं तुला आधार देत विचारलं, "तुझं गाव ना हे? घरचं कुणी आलंय का?" आणि तू म्हणालास, "माझं इथे कुणी नाही."

तुला दोष देत नाही. तू पगारावर खेळायला जाताना दारात उभी राहून "पायांचं भाडं खाणारा भाऊ मला नको," असं मीच म्हणाले होते. लोकांपुढे ताठ मान हवी होती मला. खरं म्हणजे तू गेलास की या घरात दुसरा कप लागणार नाही, याची भीती वाटत होती. ती सांगायची लाज वाटली, म्हणून तुलाच लाज वाटेल असं बोलले.

त्या दिवशी दोरीच्या अलीकडून मी नुसत्या ओठांनी बोलले, गिरणीत बोलतो तसं. लहानपणी तूही दोन वर्षं मागांवर होतास, तुला वाचता आलं असतं. पण तू पाठ फिरवली होतीस. म्हणून आता शाईनं लिहिते. चुकलं माझं.

माझा पलंग मी खालच्या खोलीत आणला आहे, जिना चढायला नको. टॅटर्सॉल रविवारी घरी येऊन बघायला तयार आहे. शनिवारी गिरणी लवकर सुटते. दुपारच्या गाडीला मी फलाटावर असेन. या शनिवारी नाही जमलं तर पुढच्या शनिवारीही असेन.

गाडीतून उतरताना डावा पाय आधी खाली टाक आणि भार उजव्यावर ठेव, असं टॅटर्सॉलनं मुद्दाम सांगितलं आहे. दांडा घट्ट धर, घाई करू नकोस. पाय जमिनीला लागला की पुढचा भार माझ्यावर टाक.

तुझी मोठी बहीण,
सेलिना