डाव्या कुशीवर

३ नोव्हेंबर
१. यवतमाळहून एसटीने मारेगावला पोचले.
२. सदाशिवराव स्टँडवर घ्यायला आले होते. माझी पेटी त्यांनीच उचलली.
३. पक्षाघातानंतर त्यांच्या आईला, मैनाबाईंना, गिळता येत नाही. आकडीचं औषध गुदमार्गाने द्यावं लागतं. त्यासाठी मला ठेवलं आहे.
४. खोली स्वच्छ. शेजारच्या खोलीत छतापर्यंत कापूस, घरभर उन्हाचा वास.
नर्सिंगनंतरची पहिली घरची नोकरी. आवडेल असं वाटतं.

४ नोव्हेंबर
पहिली सपोझिटरी दिली. डावी कूस, वरचा गुडघा पोटाकडे, गोळी पाण्याने ओली करून निमुळत्या टोकाकडून आत, मग थोडा वेळ नितंब जुळवून धरायचे. डॉक्टर चंद्रशेखरांनी बजावलं आहे, दिवसाला एकच. दुसरी गेली तर श्वास थांबू शकतो.
सगळं बिनचूक झालं. मैनाबाई एवढंच म्हणाल्या, "पुष्पाचा हात गरम होता वं."
पुष्पा म्हणजे सदाशिवरावांची बायको, गेल्या दिवाळीत वारली. तोवर औषध तीच द्यायची. कुठे शिकली नव्हती. गोळी आधी मुठीत उबवायची म्हणे. हे चूक आहे, उबेने गोळी वितळते. मी तसं सांगितलं. सदाशिवराव हसले. आईला तिच्याशिवाय कोणाचा हात चालला नाही, म्हणाले.

७ नोव्हेंबर
सकाळी गेले तर मैनाबाई आधीच डाव्या कुशीवर, गुडघा दुमडून, शांत. उशाशी रिकामं वेष्टण. सदाशिवराव पहाटेच वेचणीवर गेले होते. म्हणून मी दुसरी गोळी दिली नाही. मैनाबाईंना विचारलं, तर पुष्पा देऊन गेली म्हणाल्या. माझं नाव त्यांनी इतक्या मायेने एकदाही घेतलेलं नाही.

९ नोव्हेंबर
गोळ्यांचा डबा माझ्या पेटीत ठेवला, कुलूप लावलं. तरी आज पुन्हा दिलेली. वेष्टणावर मेणचट बोटांचे ठसे. शेजारच्या खोलीतल्या कापसात कुणी बसल्यासारखा खळगा. हात घातला, ऊबदार.
भीती वाटायला हवी होती. राग आला. शिकले मी, आणि हात तिचा बरा.

११ नोव्हेंबर
आजही रिकामं वेष्टण होतं. ते कालचं असेल असं मी ठरवलं. कालचं मीच टाकलं होतं. तरी मी गोळी दिली.
श्वास मंद — ओठ निळसर — छाती चोळत राहिले, हाका मारत राहिले. सदाशिवराव गाडी आणायला धावले. गाडी यायच्या आत डोळे उघडले. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या,
"दोघीनंबी देली का वं?"
मी नाही म्हणाले.

१२ नोव्हेंबर
मैनाबाईंना काल यवतमाळला नेलं. श्वास चालू आहे, असा फोन आला. सिस्टर, तुम्ही जरा निजा, म्हणाले सदाशिवराव. घरात मी एकटी.
दुपारी जाग आली. डाव्या कुशीवर. गुडघा मी दुमडला नव्हता. पेटीला कुलूप तसंच. उशाशी दोन वेष्टणं, रिकामी —
आत ऊब. बोटं जड —
डॉक्टरसाहेब, दोन गोळ्या गेल्यावर काय करायचं, लगेच कळवा. मैनाबाईंना दुसरी मी चुकून नाही, मत्सराने — पाठीमागे कुणी बसलं आहे. मुठीत तिसरी उबवत —