आबांची डुक्कर फियाट आणि तुझी एक सही

देवपूर, धुळे
११ एप्रिल

प्रिय नवल,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला 'दुकानात गिऱ्हाईक आहे अक्का, नंतर करतो' असं सांगता येत नाही. आधी कामाचं लिहिते, म्हणजे तू अर्ध्यात घडी घालून ठेवायचा नाहीस. आबांच्या गाडीच्या वारसाच्या कागदावर तुझी सही हवी आहे. आबा जाऊन तीन वर्षं झाली, आर.सी. बुकावर अजून त्यांचंच नाव, आणि मालक हयात नसलेली गाडी शर्यतवाले धावपट्टीवर घेत नाहीत. शर्यत सत्तावीस तारखेला, रविवारी. वारसाचा सही झालेला कागद त्यांना पुरतो, पण तो शनिवारी संध्याकाळपर्यंत दाखवायचा. फॉर्म मी तुला जानेवारीत पाठवला. जानेवारीत तू म्हणालास, करतो. फेब्रुवारीत नोटरी भेटला नाही. मार्चमध्ये गहू काढायला आला. अरे बाबा, एका सहीला किती गहू आडवा येतो?

हो, शर्यतच. हसायचं तर हसून घे. तुझे दाजी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले तेव्हा मला वाटलं, आता माणूस चार दिवस घरात पाय पसरून बसेल. कुठलं काय! मोबाइलवर त्यांना अमेरिकेतल्या जुन्या शर्यती सापडल्या. साठ वर्षांपूर्वी तिकडचे लोक म्हणे घरच्या जुन्या गाड्या घरीच कापायचे, मोठी इंजिनं बसवायचे आणि दोघं दोघं शेजारी उभे राहून सरळ पाव मैल पळवायचे. वळण नाही, ब्रेक नाही, पंधरा-वीस सेकंदांत खेळ खलास. हे सांगताना यांचा चेहरा असा, जणू ती माणसं यांच्या मामाच्या गावची. मग यांची नजर गेली आबांच्या फियाटवर. आपली डुक्कर फियाट, भडगावला कडुनिंबाखाली गप उभी होती बिचारी. तिला इथे आणून तशी, त्या काळची शर्यतीची गाडी करायची! सोबतीला त्यांचा लेथवाला मित्र उखर्डू आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला समजावलं, "अक्का, हाई ते आपला शंकरपटच शे. बैल तेवढा नई." शंकरपट म्हटल्यावर मला लगेच कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला असं मात्र समजू नकोस.

दीड वर्ष, नवल. दीड वर्ष माझ्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. पुढचा भाग वीतभर उचलला, मागे ही मोठी टायरं, आत कॉन्टेसाचं इंजिन, जीपचा ॲक्सल, मागची सीट काढून लोखंडी पाइपांचा पिंजरा. नाक वर करून उभी असते. शेजारच्या सुनंदाबाई रोज विचारतात, गाडी मागून खचली का हो? मी ज्वारीचे बिबडे वाळवायला बाज धुऊन उन्हात टाकली, तर तिच्यावर गिअरबॉक्स. बिबडे शेवटी गच्चीवर घातले, तर वर येऊन यांनी त्यांच्या शेजारीच रंग मारलेलं बॉनेट सुकायला ठेवलं. पुरणाचं पातेलं शोधून शोधून थकले. सापडलं, तर त्यात रॉकेल आणि रॉकेलमध्ये कार्बोरेटर. मी कपाळावर हात मारला. हे म्हणाले, पातेलं चांगलं जाड आहे. मी त्या दिवशी यांना जेवायला वाढलं नाही. उखर्डूला वाढलं.

आणि ज्या दिवशी कटर लावून गाडी कापायला घेतली ना, त्या दिवसापासून दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. आबांची गाडी ती. तुला आठवतं, आबा तुला कापसाच्या जिनिंगच्या मोकळ्या पटांगणात गाडी शिकवायचे? तू पंधरा वर्षांचा, पाय नीट पुरायचे नाहीत. मी वीस वर्षांची, मागे बसायची, मांडीवर रेडिएटरच्या पाण्याचा डबा घेऊन. तू गिअर चुकवायचास आणि मी मागून मनातल्या मनात बरोबर टाकायची. एकदा धीर करून म्हटलं, आबा, मीही बघू का. आबा वाईट बोलले नाहीत, हसले फक्त. "तुले काय करनं शे?" म्हणाले. झालं, विषय संपला. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे खरं.

आता ऐक गंमत. गाडी तयार झाल्यावर दोघं तिला मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर घेऊन गेले. मलाही नेलं, कारण परतताना भाजी घ्यायची होती. हलकी गाडी जास्त पळते, म्हणून एकेक किलो बघायचा. हे आत बसले की काटा पंच्याण्णव किलोंनी पुढे. उखर्डू बसला की ऐंशी. दोघांची तोंडं उतरली. पंधरा दिवस घासून घासून दरवाजे हलके केले होते आणि सगळं यांच्या पोटाने खाल्लं. मग उखर्डू माझ्याकडे बघायला लागला. मी भाजीची पिशवी घेऊन उभी. "मंग अक्कालेच बसाडा." मी बसले. पन्नास! दोघं काट्यावर नाचायचे बाकी राहिले. अहो, मला गाडी येत नाही, असं ओरडून सांगितलं. हे म्हणाले, येईल. ते चौदा महिने इंजिनवर चिडचिड करणारे तुझे दाजी मला शिकवताना एकदाही चिडले नाहीत. चोपन्नाव्या वर्षी मी लायसन्स काढलं, पहिल्या फटक्यात. तुला कळवलं होतं. तू अंगठ्याचं चित्र पाठवलंस.

मागच्या महिन्यात शर्यत भरवणाऱ्या क्लबवाल्यांनी सरावाला सोडलं. सरावाला कागद विचारत नाहीत. जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला, वर हेल्मेट. पिवळे दिवे लागले, मग हिरवा. क्लच सोडला आणि नवल, गाडीचं नाक आणखी वर गेलं, मला समोर फक्त आभाळ दिसत होतं. दुसरा गिअर, तिसरा, एकही चुकला नाही. सतरा सेकंद. उतरले तेव्हा मी वेड्यासारखी हसत होते. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता. यांच्या या खुळापायी मी दीड वर्ष कटकट केली, अजूनही करते, पण मला ती गाडी चालवायची आहे. सगळ्यांसमोर, नाव पुकारून, माझ्या नावाच्या गाडीत. आणि ते अडलंय तुझ्या सहीवर. सांग, अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय होईल?

मी खूप विचार केला, की तू का टाळतोस. गाडी तुला हवी असेल असं वाटत नाही. हवी असती तर आबांमागे दीड वर्ष कडुनिंबाखाली सडू दिली नसतीस. मला वाटतं तुला भडगावचं ते रजिस्ट्रारचं ऑफिस आठवतं. आबांच्या चौदाव्यानंतर तू फोन केलास, अक्का, हक्कसोडवर सही करायची आहे, सोमवारी ये. मी आले. तू माझ्याकडे बघत नव्हतास, भिंतीवरचे शाईचे ठसे बघत होतास. मी सह्या केल्या, दोन मिनिटं लागली नाहीत. तू बाहेर उसाचा रस पाजलास आणि घरी तुझ्या रूपालीने साडी दिली. मला जमीन नको होती रे. आपल्याकडे बहिणी सही करतात, ती जमिनीसाठी करत नाहीत, माहेराचं दार उघडं राहावं म्हणून करतात. पण तू एकदा विचारायला हवं होतंस. 'अक्का, तुला काय हवं' एवढंच. मी 'काही नको' म्हणाले असते. तू विचारलंच नाहीस, याचा मला राग आला. आजही आहे, लपवत नाही. आणि त्यानंतर तू मला तोंड दाखवायला लाजतोस, याचा त्याहून जास्त आहे.

म्हणून आता नीट वाच, हे पत्र त्यासाठीच लिहिलं आहे. आबा होते तोवर दर अखाजीच्या सणाला मुऱ्हाळी म्हणून तूच मला माहेरी न्यायला यायचास. ते गेल्यापासून तीन अखाजी झाल्या, कोणी आलं नाही. रूपाली फोनवर म्हणते, तुम्हीच या ना ताई, तुमचंच घर आहे. ती चांगलंच बोलते, पण घ्यायला कोणी आल्याशिवाय मी येणार नाही, मी तशीच हट्टी आहे. या वर्षी शर्यत रविवारी आणि अखाजी बुधवारी. तू शनिवारी सकाळीच ये, नोटरीला मी सांगून ठेवते. सही इथे बसून कर, माझ्यासमोर, माझ्याकडे बघून. कागद कुरिअरने पाठवलास तर मी पाकीट फोडणार नाही. गाडी अंगणातच राहील, मग दाजी आणि उखर्डू कितीही बोंबलोत. मला धावायचं आहे, फार धावायचं आहे, तरीही सांगते. रविवारी शर्यत बघ आणि सोमवारी मला भडगावला घेऊन चल. पिशवी मी कालच भरून ठेवली आहे.

तुझीच, अजून चिडलेली,
अक्का