कपाळावरची जागा

॥ श्री ॥
पेडणे,
दि. २० नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
गौरवीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि फोनवर मी ओरडून सांगितलेलं सगळं आमच्या वाड्याला कळतं, तुला सोडून. म्हणून हे पत्र. शंभूदादाला वाचायला देऊ नकोस. तुझा मुलगा असला तरी त्याच्या पोटात तीळ भिजत नाही.

तुळशीची लग्नं झाली, आता माणसांची सुरू झाली. सकाळी मांद्रेच्या किनाऱ्यावर नवरा-नवरीचे लग्नाआधीचे फोटो, दुपारी हॉल, संध्याकाळी संगणकावर सगळ्यांना गोरं करणं. हसा, मान तिरकी, समुद्राकडे बघा. हेच बोलून तोंड दुखतं. बाबांनी काढलेला फोटो अख्ख्या पेडण्यात कुणीही ओळखायचं. मधुकरच्या स्टुडिओतला म्हणायचे. माझा फोटो माझा म्हणून कुणी ओळखणार नाही, मीसुद्धा नाही. त्याचाच जास्त थकवा येतो गं.

पणजीला गोव्यातल्या बायकांनी स्वतःच काढलेल्या स्वतःच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार आहे. एकच फोटो पाठवायचा, जानेवारीच्या मध्यापर्यंत. मी ठरवलंय, पाठवायचा. त्यात जमलं नाही तर समजायचं की आपण बटण दाबणारी बाई, बस. मांद्रेला स्टँड लावून, रिमोट मुठीत लपवून एक काढलाय. प्रत सोबत आहे. खरं काय ते सांग.

आईचं काय लिहू? गणेशचवथीला मी मंगळसूत्र आणि टिकली काढून ठेवली तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. रुद्रेशने मस्कतला दुसरा संसार थाटलाय हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण लोकांना ती अजून सांगते की जावयाला रजा मिळत नाही. या फोटोत तिच्यासाठी म्हणून टिकली लावलीय, बघ.

वायंगणाचं भात लावलं का? तब्येतीला जप. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
गौरवी

•

॥ श्री ॥
मुळगाव,
दि. २ डिसेंबर २०२४

चि. सौ. गौरवीस,
कमलाक्षी आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र आणि फोटो पोचला. बाई फार देखणी आहे. कोण ती? शंभूला वाटलं, कुठल्या तरी साडीच्या दुकानाचं कॅलेंडर आलं. वाऱ्यावर पदर, पाण्यात पाय, नजर लांब कुठेतरी. तुझ्या त्या नवऱ्या अशाच उभ्या राहत असतील ना? त्यांना सांगतेस ते तू स्वतःलाही सांगितलंस आणि गुणाच्या मुलीसारखं ऐकलंस.

रागावू नकोस. खरं सांग म्हणालीस म्हणून सांगते. टिकली लावलीस खरी, पण उसनं आणलेलं भांडं जपून धरावं तसं कपाळ धरलंयस. शेजारणीला परत द्यायचं आहे म्हणून.

इकडे वायंगणाच्या रोपांचा तरवा टाकलाय. पाण्याचा पंप एक दिवस चालतो, दोन दिवस रुसतो. जनेल उघडलं की खाणीची तांबडी धूळ आत येते, पुसून पुसून माझे हात गेले. बाकी ठीक.

सुमनवहिनीवर चिडू नकोस. तिनं एकच गोष्ट घट्ट धरून ठेवलीय, ती सोडली तर हातात दुसरं काय धरायचं हे तिला कळत नाही. दुसरा फोटो काढ. पण किनाऱ्यावर नको, घरी काढ. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी भोचक,
आत्या

•

॥ श्री ॥
पेडणे,
दि. १५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर रुसले. तुला कळलंच नसेल. मग तो फोटो पुन्हा काढून बघितला आणि मलाही ती साडीच्या दुकानातली बाई दिसायला लागली. आता दुसरं काही दिसतच नाही. माझ्या मेहनतीवर पाणी ओतलंस ते ओतलंस.

लग्नांचं सोडलं तर बाबांच्या स्टुडिओत आता माणसं दोनच कामांना येतात. जिवंत माणसाचा पासपोर्टचा फोटो आणि गेलेल्या माणसाचा भिंतीवरचा. दुसरं काम जास्त. मोबाइलवरचा कुठला तरी बारशातला फोटो आणतात. मी त्यातनं डोकं कापून काढते, मागे निळं आभाळ घालते, खांदे सरळ करते, डाग पुसते. बाईमाणूस असेल तर विचारावं लागतं, कुंकू ठेवायचं की काढायचं? सवाष्ण गेली असेल तर सांगतात, जरा मोठं करा. नवरा आधी गेला असेल तर म्हणतात, पुसा. परवा मालपेहून एकजण आईचा फोटो घेऊन आला. मी तेच विचारलं. म्हणाला, तुमका बरां दिसता तां करा. मला काय बरं दिसणार? मी पुसलं.

त्याच स्टुलावर बसून मी दुसरा फोटो काढलाय. टिकली नाही, मंगळसूत्र नाही, पदर उडत नाही. सरळ समोर बघितलंय. मला हा खरा वाटतो. आईच्या हाती प्रत लागली. तिनं बघितली आणि टेबलावर पालथी ठेवली. बोलली असती तर बरं झालं असतं.

शाळांच्या ओळखपत्रांचं काम आलंय. मुलं डोळे मिटतात, मी पुन्हा काढते. संध्याकाळी पाठ धरते. तुझ्या उत्तराची वाट बघते आहे, भीत भीत.

तुझी,
गौरवी

•

॥ श्री ॥
मुळगाव,
दि. २६ डिसेंबर २०२४

चि. गौरवीस,
आशीर्वाद. शतायुषी हो. हे यावेळी मुद्दाम लिहिते आहे, कारण वाच.

तुझा फोटो मी जनेलाशी टेबलावर उभा करून ठेवला होता. शेजारची पार्वती ताक मागायला आली. फोटो बघून दारातच चपला काढल्या, हात जोडले आणि मला काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं, कधी आली? तसबिरीचं विचारतेय समजून मी म्हटलं, काल दुपारी. तिनं डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, फोटो चांगला आलाय म्हणून गहिवरली. पोदेर पाव घेऊन आला तेव्हा कळलं की ती कधी गेली म्हणून विचारत होती आणि अर्धा वाडा संध्याकाळी दुखवट्याला यायचा आहे. शंभूला घरोघर फिरून सांगावं लागलं की आमचं चेडू, म्हणजे ही पोरगी, पेडण्यात धडधाकट आहे. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. आता तुझ्या घरात आई आणि माझ्या घरात मुलगा, दोघींची सारखीच कथा.

हसून झालं की पुढचं वाच. पार्वती भोळी असेल, पण आंधळी नाही. मी भिंग लावून फोटो पुन्हा बघितला. तुझ्या कपाळावरचा पांढरा ठिपका कुठे गेला गं? टिकलीच्या गोंदाने कातडीचा रंग गेलेला, वाटोळा, मसुराएवढा. गेल्या वर्षी इथे आलीस तेव्हा मीच त्यावर तेल चोळत होते. तो काही गेला नव्हता. या फोटोत कपाळ सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ आहे. भिंतीवरच्या बायांसारखं तू स्वतःलाही पुसलंस का? तुला कुणी सांगितलं होतं?

मीही साधी नाही. वर तुझ्या नावामागे सौ. लिहायला हात आपोआप गेला होता, मग थांबवला. गेल्या पत्रात तसाच जाऊ दिला होता. सवय वाईट.

भात पोटरीला यायला वेळ आहे. पंप दुरुस्त झाला. थंडीत कान बांध. माझी माया जिथल्या तिथे आहे.

आत्या

•

॥ श्री ॥
पेडणे,
दि. ६ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी संगणक उघडून बघितलं. मूळ फोटोत ठिपका आहे. तुला पाठवलेल्यात नाही. आणि मी तो काढल्याचं मला आठवतच नाही. माउस हातात आला की कपाळ साफ करायचं, इतकंच हाताला ठाऊक. बायकांची किती कपाळं मी अशी सारवली असतील. कुणाला कुंकवाची जागा होती, कुणाला लहानपणी पडल्याची खोक, कुणाला काय. घरच्यांनी कुंकवाचं सांगितलं होतं, बाकीचं मी आपणहून पुसलं. मला फार वाईट वाटलं. रडले म्हण हवं तर.

मग मी तिसरा काढला. शाळेची मुलं गेल्यावर, त्याच स्टुलावर, त्याच पासपोर्टच्या उजेडात. वेगळं काही केलं नाही. बॅग वाहून डावा खांदा उतरलाय, तो उतरलेलाच ठेवला. डोळ्यांखालचं काळं ठेवलं. ठिपका ठेवला. दुसऱ्या कुणी असल्या उजेडात असं बसवलं असतं तर मी उठून गेले असते. पण मला भिंतीवरचा फोटो कसा करतात ते येतं, म्हणूनच न पुसलेला कसा असतो तेही मलाच येतं. आत्या, हा फोटो मांद्रेच्या नवऱ्या मुलींचा नाही, बाबांचाही नाही. हा माझा आहे एवढं मला समजतं.

पण पाठवायचा कसा? टिकली काढली हे घरातल्या घरात होतं, कॅमेऱ्यामागच्या बाईचं कपाळ कुणी बघत नाही. पणजीच्या भिंतीवर लागला की पेडण्यातलं कुणी ना कुणी बघणार, आणि रजा न मिळणाऱ्या जावयाची गोष्ट संपणार. आईची इतक्या वर्षांची गोष्ट आहे ती. मी तिला फोटो दाखवला आणि पाठवू का विचारलं. चवथीनंतर पहिल्यांदा बोलली. म्हणाली, माझे डोळे मिटल्यावर काय ती शोभा कर. मग भांडी घासायला गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

मला कुणाशी भांडायचं बळ नाही. न पाठवून गप्प बसायचंही नाही. तू हो म्हण किंवा नको म्हण, मी ऐकेन.

तुझी दमलेली,
गौरवी

•

॥ श्री ॥
मुळगाव,
दि. १० जानेवारी २०२५

चि. गौरवीस,
आशीर्वाद.

हो किंवा नको मी म्हणणार नाही. तुझे आतोबा गेले त्या दिवशी माझं कपाळ चारचौघींनी पुसलं. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही काही बोलले नव्हते. तेव्हापासून माझ्या कपाळाबद्दल गावाला जेवढं मत आहे तेवढं मला नाही. तुझ्या कपाळाबद्दल आता मीही मत दिलं तर त्या बायांत आणि माझ्यात फरक काय राहिला?

एवढंच सांगते. वहिनीला दुखेल. पाठवलास तर दुखेल, नाही पाठवलास तरी तिचं दुखणं आहेच. ते तुझ्या फोटोमुळे आलेलं नाही.

शंभू टपालात टाकायला निघालाय, म्हणून आवरते. जे करशील त्यानंतरही माझ्या दारात येत जा.

आत्या

•

॥ श्री ॥
पेडणे,
दि. ८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाठवला. निवडलाही. नावामागे कुमारी, सौभाग्यवती की श्रीमती असं विचारलं होतं, ती जागा मोकळी ठेवली. पणजीहून एका बाईंचा फोन आला, राहून गेलंय का म्हणाल्या. मी म्हटलं, नाही.

आईला सांगितलं.  आता ती ताट वाढून आतही जात नाही, समोर बसते आणि दाराकडे बघते. हे जास्त जड जातं. तुला वाटत असेल की मला आनंद झाला असेल. झाला, पण उठून नाचावं इतकी ताकद नाही. एका संध्याकाळी स्टुडिओ बंद करून लवकर निजले, तेवढाच साजरा केला.

प्रदर्शन वीस तारखेपासून आहे. मला पहिले चारही दिवस मांद्रेची लग्नं आहेत, जाता येणार नाही. तुला शंभूदादाबरोबर जमलं तर बघून ये. कसा दिसतो कळव. तू बघितलास की मी बघितल्यासारखंच.

तुझी,
गौरवी

•

॥ श्री ॥
मुळगाव,
दि. २२ फेब्रुवारी २०२५

चि. गौरवीस,
आशीर्वाद, वि. वि.

काल जाऊन आले. शंभूबरोबर नाही, तुझ्या आईबरोबर. तिला मी आधीच चिठ्ठी लिहिली होती की मला कंडक्टर काय बोलतो ते ऐकू येत नाही, एकटी गेले तर भलत्या गावी उतरेन, सोबत ये. ती म्हापशाला भेटली. तुला शुक्रवारच्या बाजाराला जाते म्हणून सांगून निघाली होती, पिशवीही आणली होती. पणजीला बसमधून उतरेपर्यंत म्हणत होती की मी खाली थांबेन, तू वर जाऊन बघ. मी म्हटलं, बरं. खोटं कशाला बोलू, तिथे पोचल्यावर मात्र मला काही ऐकूच आलं नाही असं दाखवून तिचा हात धरून वर नेलं.

तिथे पेडण्याची शालिनी मास्तरीण आधीच उभी होती, तुमच्या देवळामागची. वहिनीला बघून तिनं नमस्कार केला आणि मग तुझ्या फोटोकडे, मग वहिनीच्या तोंडाकडे बघत राहिली. जावयाचं विचारणार हे मला दिसत होतं. वहिनीच्या हाताला घाम आला होता, मी धरला होता म्हणून सांगते.

वहिनी पुष्कळ वेळ फोटोसमोर उभी राहिली. खाली तुझं नुसतं नाव होतं, तेही वाचलं. मी तिला विचारलं, कसा आहे? ती ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, मी पुन्हा विचारलं. पुन्हा तसंच. यंत्र शिट्टी मारायला लागलं, ते मी काढून पदरात बांधलं. मग माझ्या कानाशी वाकून तिला मोठ्यानं बोलावं लागलं, इतकं मोठ्यानं की दालनातली सगळी माणसं वळली आणि शालिनीनेही ऐकलं. कपाळाचं नाव तिनं काढलं नाही. जावयाचंही नाही. म्हणाली, माझां चेडू दमलां गो.

येताना बसमध्ये ती झोपली. तू बरी राहा.

आत्या