भुंडीचा बंदोबस्त

३ मार्च
कौन्सिलच्या हॉलमध्ये वर्कशॉप. विषय: शिकारीच्या धंद्यात खरी सत्ता कुणाची. राजधानीतून आलेल्या कन्सल्टंटबाईंनी भिंतीवर मोठा कागद लावला. मंत्री, कौन्सिल, सफारी कंपनी, पैसे मोजून शिकारीला येणारे परदेशी क्लायंट, विमानवाले, प्राणिप्रेमी अशी सगळ्यांची वर्तुळं. मग विचारलं, मधोमध कोण? शेवटी बाईंनीच एक पिवळं वर्तुळ मधोमध चिकटवलं आणि त्यावर लिहिलं, ‘गावकरी’.
आता गावकरी म्हणजे कोण? वॉर्ड सातची वन्यप्राणी समिती. समिती म्हणजे कोण? चेअरमन. चेअरमन कोण? मी.
हे मला आधीपासून ठाऊक होतंच. पण कागदावर आलेलं बरं.
जेवण: कोंबडी, भात. टी-शर्ट मिळाला, पोटावर घट्ट होतो. मोठा मागितला नाही. सत्ता असलेल्या माणसानं मागू नये.

४ मार्च
सकाळी बायकोला, म्हणजे माय नेत्सायला (नेत्साय आमची मुलगी, माय म्हणजे तिची आई), सांगितलं की आफ्रिकेतला शिकारीचा सगळा धंदा आपल्या नवऱ्याभोवती फिरतो. म्हणाली, फिरू दे, तोवर तुम्ही बोअरवेलवर फिरून या आणि दोन कॅन भरून आणा.
आणले. घरच्यांना महत्त्व कळायला वेळ लागतो.
दुपारी आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून ओढ्याकाठच्या शेतावर एकटीच असते. तिच्या ज्वारीत भुंडी शिरली होती. भुंडी म्हणजे हत्तीण. जन्मापासून तिला दातच नाहीत, म्हणून हे नाव. आणि दात नाहीत म्हणूनच की काय, स्वभावानं महातिखट.
आम्ही समान्यांगा, म्हणजे दातांचे धनी. हत्ती आमचं देवक. म्हणून आत्या आधी तिच्याशी मानानं बोलली म्हणे. माझे बाई, आपल्याच घरातली तू, माहेरी आलीस, पोटभर खाल्लंस, आता जा. ती कसली जाते! आत्या म्हणाली, अरे, माहेरवाशिणीचे पण दिवस ठरलेले असतात.
वर्षभराचं खाणं तिचं तेवढंच. दुसरं काही नाही.
मग म्हणाली, तुझ्या शब्दावर बंदुका चालतात ना? मग चालव की एक. मी शब्द दिला. ज्वारी कापणीला यायच्या आत भुंडीचा बंदोबस्त.
ठराव (मनातल्या मनात, एकमतानं): यंदाच्या सीझनचा पहिला हत्ती भुंडी. मला हत्तीचं मांस चालत नाही, देवकच ना. त्यामुळे या ठरावात माझा काडीचा स्वार्थ नाही, याची नोंद.

९ मार्च
वारुळावर चढून ब्रेंडनला फोन लावला. (नेटवर्क फक्त वारुळावर येतं. मुंग्या चावतात, पण पदाबरोबर हे येणारच.) ब्रेंडन म्हणजे आमच्या भागात सफारी कंपनीतर्फे क्लायंटकडून शिकार करवणारा गोरा. तो मला नेहमी म्हणतो, चेअरमन, बॉस तुम्ही. आजही म्हणाला. हत्तीचं एक परमिट आहे, बारा एप्रिलला क्लायंट येतोय. भुंडीचं विचारलं तर म्हणाला, बघू.
मोठे लोक ‘हो’ला ‘बघू’ म्हणतात. आत्याला निरोप धाडला: मंजूर.

१८ मार्च, सकाळ
कौन्सिलच्या मतावीरे साहेबांचा फोन. पिकात शिरणारी जनावरं मारणारा त्यांचा बंदूकवाला उद्या शेजारच्या वॉर्डात येतोय. जीप चालू आहे आणि डिझेलही आहे, दोन्ही एकाच दिवशी. म्हणाले, आज एक अर्ज लिहून द्या, जाता जाता तुमच्या भुंडीचं उरकून टाकतो.
मी विचार केला. अर्धा मिनिट. मग नको म्हणालो. माझा क्लायंट सातासमुद्रापलीकडून येतोय. एवढ्या मोठ्या धंद्याच्या मधोमध बसलेल्या माणसानं हत्ती असा जाता जाता उरकायचा? साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की ना, समान्यांगा? मी म्हणालो, नक्की.
वारुळावरून उतरताना छाती चार इंच फुगली होती. घरी सांगितलं नाही. बायकांना धोरण कळत नाही.

२६ मार्च
भुंडी पुन्हा दोनदा येऊन गेली. आत्याच्या तीन आणे ज्वारीचा निकाल लागला. आत्या मचाणावर बसून पत्र्याचा डबा बडवते. भुंडीला आता त्या तालावर खायची सवय झाली आहे म्हणे.
तातडीची उपसमिती नेमली (मी). मिरचीपूड आणि हत्तीच्या शेणाच्या विटा थापल्या, शेताच्या कडेला पेटवल्या. धुरानं हत्ती पळतो, हे वर्कशॉपात शिकवलेलं. वारा उलटा फिरला.
भुंडीवर परिणाम: शून्य. माझ्यावर: डोळे बंद, नाक चालू. आत्या म्हणाली, मिरची वाया घालवलीस, निदान कालवणात तरी पडली असती.

५ एप्रिल
क्लायंटच्या स्वागताचं भाषण लिहिलं. चार पानं. माय नेत्सायला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर तिला झोप लागली. दमलेली असते.
ज्वारी निम्मी राहिली. पण निम्मी म्हणजे कमी नव्हे. आत्याला सांगितलं, फक्त सात दिवस. आत्या भांडं घासत राहिली.

१२ एप्रिल
क्लायंट आला! नाव हर्लन. घरांची छपरं घालायचा धंदा आहे. धिप्पाड, पण अतिशय नम्र. माझा हात दोन्ही हातांनी धरला. भाषण त्यानं उभ्यानं ऐकलं, म्हणजे पहिलं पान. मग ब्रेंडननं जीप चालू केली.
भुंडी मीच दाखवली. ओढ्यापलीकडे झाडाखाली उभी, चाळीस पावलांवर, कान हलवत. मी म्हणालो, ही घ्या. हर्लन म्हणाला, फार सुंदर. फोटो काढला. मग ब्रेंडनच्या कानाशी लागला, दात कुठायत?
दात नाहीत, पण बाकी सगळं आहे, असं मीच सांगितलं. त्यानं खिशातून फोन काढला आणि एक भिंत दाखवली. त्याच्या घरातली. एका बाजूला शेकोटी, दुसऱ्या बाजूला खिडकी, मध्ये मोकळी जागा. बायकोनं टेपनं मोजून दिली आहे. दोन दात, आत वळलेले, अमुक फूट. कमी नको, जास्त नको.
ब्रेंडन म्हणाला, बघू, चेअरमन.

१३ एप्रिल
रात्रभर विचार केला. सत्ता कुणाची? मंत्र्याची नाही, कंपनीची नाही, ब्रेंडनची तर नाहीच. सगळा धंदा त्या बाईच्या भिंतीवर टांगलेला आहे. कन्सल्टंटबाईंनी तिचं वर्तुळच काढलं नाही. एवढं मोठं वर्कशॉप!
पण बाईमाणूस आहे, समजावलं की समजेल. पत्र लिहिलं. आदरणीय वहिनी, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे एक दात नसलेली, परंतु सुस्वभावी (खोडलं) परंतु भव्य हत्तीण आहे. भिंतीवर दातांऐवजी कान लावल्यास शोभून दिसेल. कानावर चित्रंही काढतात. कान उत्तम आहेत, मी स्वतः पाहिलेत. माझ्या आत्याच्या वर्षाच्या खाण्याचा प्रश्न आहे. आपला भाऊ.
हर्लननं फोनवर फोटो काढून पाठवतो म्हणून सांगितलं. चांगला माणूस.

१५ एप्रिल
वहिनींचं उत्तर आलं. हर्लन सांगायला लाजत होता. ब्रेंडननं सांगितलं.
‘कान? शी!’
एवढंच.

१९ एप्रिल
हर्लननं हत्ती मारला. साठ किलोमीटरवर, दुसऱ्या वॉर्डात. दात वहिनींच्या मापाचे. मांस त्या वॉर्डात वाटलं. तिथल्या चेअरमनचा हर्लनबरोबर फोटो आहे. त्याला इंग्रजी धड येत नाही, टी-शर्टही मिळाला नव्हता.
जाता जाता हर्लननं मला टोपी दिली. छपराच्या कंपनीची.
बायकोनं विचारलं, मग भुंडीचं काय? मी म्हणालो, प्रक्रिया चालू आहे.

२१ एप्रिल
लाज गुंडाळून ठेवली. कौन्सिलला गेलो. बावीस किलोमीटर, सायकलनं, वाटेत एकदा पंक्चर. अर्ज लिहूनच नेला होता, तीन प्रतींत. मतावीरे साहेबांनी वाचला. म्हणाले, समान्यांगा, बंदूकवाला पलीकडच्या टोकाला गेलाय, तिथं माणूस दगावलंय. जीपचा गिअर गेला. डिझेल जूनमध्ये. तेव्हा तुम्हाला म्हणालो होतो ना?
हो म्हणालो. आणखी काय म्हणणार?
त्यांनी अर्जावर शिक्का मारला. तसे चांगले आहेत.

२७ एप्रिल
गेले चार दिवस शेतावरच होतो. आत्या डबा बडवते, मी झाकण. ओरडून घसा बसला. काल संध्याकाळी, ऊन होतं अजून, भुंडी समोरून सरळ चालत आली. मी टोपी घालून पुढे झालो आणि म्हणालो, मी चेअरमन आहे. हे मी का म्हणालो, मला माहीत नाही. तिनं कान पसरले. पुढचं मला मचाणावरूनच आठवतं. एक बूट खाली राहिला.
मग तिनं सावकाश, एकेक कणीस. आत्यानं डबा खाली ठेवला. रडली नाही. म्हणाली, खा बाई, खा आता.
मला मात्र रडू आलं. मिरचीचा धूर नव्हता.

४ मे
आज आठवा दिवस. भुंडी आली नाही! एकदाही नाही. अर्जाचा परिणाम दिसतोय. शिक्क्यात ताकद असते. कौन्सिलला आभाराचं पत्र लिहायचं मनात आहे.
आत्याला हे सांगायला गेलो. ती मातीतून दाणे वेचत होती, सुपात मूठभर जमले होते. म्हणाली, अरे, शेतात ठेवलंय काय आता? ती कशाला येईल?
पत्र लिहीत नाही.
पुढच्या कापणीपर्यंत आत्या आमच्याकडे राहणार. माय नेत्सायनं विचारलंसुद्धा नाही, सरळ खोली झाडून ठेवली. आत्याचं बोचकं मी सायकलवर बांधलं. एक घोंगडं, दोन भांडी, तो डबा. ती शेजारून चालत होती. मी म्हणालो, आत्या, मी शब्द दिला होता. माझं चुकलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. म्हणाली, तुझं काय चुकलं रे? मोठ्यांचा धंदा तो. तुझ्या हातात होतं तरी काय? तुला विचारतो कोण?
मतावीरे साहेबांनी मला दोनदा विचारलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही.
तुझ्या हातात काहीच नाही, असं मला आजवर ज्यानं ज्यानं म्हटलं त्याच्याशी मी भांडलो. आज ते खरं असतं तर फार बरं झालं असतं.