सरावातले पाचशे अठ्ठेचाळीस

१२ एप्रिल, रवि.
आजच्या पोह्यांत शेंगदाणे नव्हते. सदर घटनेचा तीव्र निषेध. बावीस वर्षं चामोर्शीत विज्ञान शिकवून माणसाची ही किंमत! सौ. म्हणाली, "तुमच्या नीटवाल्या पोरांनी संपवले. क्लास फुकट, वर नाश्ता." खटला निकाली.
सराव पेपर चौदावा. दहाचा पेपर पावणेअकराला सुरू, शालूची बस आली तेव्हा. आमच्याकडे लग्नसुद्धा शेवटची गाडी पोचल्याशिवाय लागत नाही, माझा पेपर कोण लागून गेला! शालू नदीकाठच्या गावची, बाप मासे धरतो. पावणेदोनला विचारलं, "झालं?"
"भौतिक राह्यलं, सर."
"तुझी बस साडेतीनची. सव्वातीनपर्यंत सोडव." उन्हात स्टँडवर कशाला बसवायची? नेहमीचंच.
संध्याकाळी तपासला. ७२० पैकी ५४८! फळ्यावर मोठ्ठं लिहिलं.

१९ एप्रिल
शालू : "सर, नर्सिंगचा फॉर्म भरून ठेवू का? उद्या लास्ट डेट हाय."
मी वर्गासमोर, "डॉक्टरीणबाई, सुया कोण टोचणार, तुम्ही की तुमची नर्स?" पोरं हसली. तीही हसली. फॉर्म राहिला.

३ मे
परीक्षा. केंद्र चंद्रपूर. संध्याकाळी फोन. "पेपर सोपा होता, सर." आवाज बारीक. मग? तर रेंज गेली. किंवा तिनं ठेवला.

१३ जून
निकाल. ४०९.
नंबर पुन्हा टाकला. ४०९च.
दिवसभर आरोपी शोधला. पेपर? केंद्रावरचा पंखा? शेवटी पोरगीच सोयीची वाटली. फोनवर तिच्या बापाला बोलूनही गेलो, "ऐनवेळी घाबरली ती."

१६ जून
कपाटातून तिचे जुने पेपर काढले. आधी जीवशास्त्र, मग रसायन, भौतिक शेवटी. दर रविवारी. म्हणजे भौतिक सगळं माझ्या उदार दीड तासातलं. ५४८ मधून भौतिकचे १३६ वजा केले.
४१२.
तीन तासांची परीक्षा, मी साडेचार तासांची शिकवली. जगाच्या चुका काढणारी ही जीभ, आणि भिंतीवरचं घड्याळ नाही दिसलं. नर्सिंगचे प्रवेश तर...

२१ जून
शालूच्या गावी. तिचे वडील, किसनभाऊ, ओट्यावर जाळं सांधत होते. "पोरगी धड जेवून नाई राह्यली, सर. म्हणते, मीच घाबरली."
सगळं सांगितलं. बस, भौतिक, दीड तास. फॉर्मचंही.
किसनभाऊंचा हात थांबला. "तुमी तं टाईमच देला ना, सर. त्यात वाईट काय केलं?"
चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.
शालू दारातून ऐकत होती. "म्हणजे परीक्षेत मी कमी नाई पडली?"
"नाही. तुझे तेवढेच होते, बाई. ५४८ माझे होते."
मी विचारलं, "मग पदवीला जायचं, की पुन्हा नीट?" ती आत गेली.
"विचार करून राह्यली," किसनभाऊ म्हणाले. "तिले थोडा टाईम द्या, सर."
मी उठलो.