खांद्याचं मलम आणि माझी बोटं

गाढ झोपला होतास म्हणून उठवलं नाही. चहा थर्मासमध्ये आहे.

खांद्याचं मलम आजपासून तुझं तू लाव. डॉक्टरांनी बधिर करणारं औषध वाढवून दिलं, तसं मीच परवा आपल्या औषधांच्या दुकानात घोटून बनवलंय. डबी वरच्या खणात आहे. वाटाण्याएवढं पुरे, वर शेकायची पिशवी ठेवू नकोस.

हातमोजे घालायचेच. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे कानीकपाळी ओरडून सांगते, आणि काल "रबराचा हात नको" म्हणालास म्हणून उघड्या हातानेच चोळत बसले. बोटं बधिर झाली. मग गॅसवरच्या पातेल्याचं झाकण तसंच उचललं. चटका कळलाच नाही; सकाळी पाहिलं तर दोन फोड. घाबरू नकोस, दाखवून येते.

आता दुसरं. काल मलम चोळून झाल्यावर तुझ्या कामावर परत जाण्यावरून आपलं वाजलं, त्यानंतर मी ओट्याशी पाठमोरी उभी होते. तेव्हा तू मागून येऊन माझी बोटं धरलीस म्हणे. लेक आत्ता शाळेत जाताना म्हणाली, "बाबा किती वेळ उभे होते, तू बघितलंससुद्धा नाहीस." तू बाहेर सोफ्यावर का झोपलास, त्याचा उजेड तेव्हा पडला.

रागावले होते हे खरं. अजूनही थोडा राग आहे. पण तुला झिडकारलं नव्हतं, मला कळलंच नव्हतं.

संध्याकाळी येईन. तोवर मलम लावून, हात स्वच्छ धुऊन ठेव. माझी बोटं आता शुद्धीवर आहेत.