शपथेची माती

१४ ऑक्टोबर

प्रिय अतुओताई,

वरचं शेत बाबांनी विकत घेतलं होतं की आजोबांकडून आलं होतं? मला सांगता येत नाही. तेव्हा आईचंही लग्न व्हायचं होतं.

तुझे पाय अजून सुजतात का? आई बरी आहे. भात पिवळं झालंय. धुरावलेलं डुकराचं मांस पाठवते आहे, सगळं भावोजींना खाऊ देऊ नकोस.

बाबांना जाऊन वर्ष होत नाही तोच सोविलीकाकांनी शेत मागितलं. वाडवडिलांचं असेल तर मुलगा नसलेल्या घरातून ते भावाकडे जातं. स्वतः विकत घेतलेलं असेल तरच मुलींना. पंच म्हणाले, बांधावरची माती खा आणि घरच्या सगळ्यांची नावं घेऊन शपथ घ्या. खोटी असली तर पुढच्या कापणीआधी त्यांतलं कुणीतरी जातं. एक नाव गाळलं तरी शपथ धरत नाहीत.

काका मागे सरले. "मला नातवंडं आहेत बाबा!" आईही मान हलवत राहिली. "ते म्हणायचे, विकत घेतलंय. पण पोरींच्या जिवापुढे शेत घेऊन काय करू?" कुणीच शपथ घेतली नाही तर शेत भावाचं. पंच उठायला लागले.

मी म्हटलं, मी घेते.

काका हसले. "बी. ए. झालीस म्हणून मिशा फुटल्या का गं?"

एक म्हातारे पंच मात्र खरंच कोड्यात पडले. "बाईने खाल्लेली माती चालते का?"

"आजोबा, आईच्या नखांत जन्मभर हीच माती आहे," मी म्हटलं. "माझ्या तोंडात गेली तर मातीला काय कळणार, मी बाई आहे की पुरुष?"

ताई, कॉलेजात या शपथेला अंधश्रद्धा म्हणत मी निबंध लिहिला होता. आता आई नुसती शिंकली तरी मी हातातलं काम टाकून धावते. दुपारी ती जरा पडली की जवळ जाऊन श्वास ऐकते. बाबा खोटं बोलत नसत, एवढाच माझ्याकडे पुरावा आहे.

जिना उतरताना कठडा धर. दवाखान्याची तारीख चुकवू नकोस. मी इतकं का बजावते आहे, ते आता तुला कळलं असेल.

माती मी खाल्ली. आधी आईचं नाव घेतलं, मग माझं, मग तुझं. पंच म्हणाले, अजून एक राहिलं. बाळाला नाव नाही, म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "अतुओनुओच्या पोटात आहे ते."

शेत आपलं झालं.

तुझीच, फार भ्यालेली,
केविनुओ